इंग्लंडातलं रान आणि आमच्या बुजत चाललेल्या वाटा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. पत्र लांब होणार हे आधीच सांगतो. जागा नसेल तर मधलं कापा पण शेवटचं ठेवा, कारण कामाचं सगळं शेवटीच आहे.

मी कदंबाचा, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचा, निवृत्त कंडक्टर, सत्तरीतल्या केरीचा. आयुष्य वाळपई, साखळी, पणजी करण्यात गेलं, त्यामुळे फिरलो भरपूर पण गोव्याबाहेर म्हणाल तर पंढरपूर, कोल्हापूर आणि एकदा बेळगावला हॉस्पिटलात. थोरला मुलगा ब्रेक्झिटच्या आधी पोर्तुगीज पासपोर्ट करून इंग्लंडातल्या स्विंडनला गेला, तिथे एका गोदामात शिफ्टमध्ये काम करतो. स्विंडनला गोंयकार इतके आहेत की पहिल्याच दिवशी दुकानात माझ्या जुन्या रूटवरचा एक पॅसेंजर भेटला आणि म्हणाला, कंडक्टर, सुट्टे पैसे हांगा तरी दितलो मू? म्हणजे इथे तरी देणार ना? असो. गेल्या साली एप्रिल-मे असे दीड महिने मी आणि मंडळी तिथे होतो. आमच्याकडे हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या दारूचे दिवस, काजूचे बोंडू सगळीकडे पडलेले, आणि तिथे आम्ही स्वेटरावर स्वेटर घालून बसलेलो.

लंडन बघितलं, राणीचा, म्हणजे आता राजाचा वाडा बाहेरून बघितला, पाय दुखले, ते सोडून द्या. सांगायचंय ते एका रानाबद्दल.

मुलाला सुट्टी होती त्या दिवशी तो म्हणाला की बाबा, चला रान बघायला, फुलं आलीत. मला हसू आलं, म्हटलं चोर्ल्याच्या पायथ्याला जन्मलेल्या माणसाला तू रान दाखवणार? स्विंडनपासून गाडीने अर्ध्या तासावर मार्लबरो नावाचा गाव आहे, त्याच्या पलीकडे वेस्ट वूड्स. सरकारी वनखात्याचं रान, आत जायला तिकीट नाही, गेटवर माणूस नाही, रजिस्टरात नाव-गाव लिहा नाही. गाडी लावली आणि चालायला लागलो. आणि मग वळणावर जे दिसलं त्यावर हसणं बंद झालं. बीचची उंच गुळगुळीत झाडं, पानं नुकतीच फुटलेली, पोपटी, आणि खाली जमीन म्हणून दिसतच नाही, सगळी निळी. गोकर्णाचा निळा आणि पिकत आलेल्या जांभळाचा रंग ह्याच्या मधला कुठला तरी रंग. ब्लूबेल म्हणतात. आमच्या सुर्ल्याच्या सड्यावर पावसाळ्यात तेरडा फुलतो तेव्हा असाच सडा रंगतो पण तो उघड्यावर, आकाशाखाली. इथे झाडांच्या सावलीत, आणि वास येतो, मंद. मंडळी कधी नव्हे ती गप्प झाली.

नात दहा वर्षांची, तिला शाळेत हे सगळं शिकवलेलं. तिने मला समजावलं की ही फुलं घाई करतात, वरची पानं दाट झाली की खाली ऊन पोचणार नाही म्हणून त्याच्या आधीच फुलून घेतात, वर्षभराचं जेवण त्या थोड्या दिवसांत करून ठेवतात. म्हणून पानांवर पाय द्यायचा नाही, पान चुरडलं तर जमिनीतल्या कांद्याला जेवण नाही, आणि बी पडून फूल यायला पाच-सात वर्षं लागतात. जगातली जवळजवळ निम्मी ब्लूबेल म्हणे ब्रिटनमध्येच आहेत आणि १९८१ च्या कायद्याने रानातला कांदा उपटायला बंदी आहे. हे सगळं ती सांगत असताना समोरच एक जोडपं फुलांत आडवं पडून फोटो काढत होतं. म्हणजे ते लोक सगळे शहाणे आणि आपण सगळे अडाणी असलं काही मी लिहिणार नाही, मोबाईल सगळीकडे सारखाच.

त्यांच्याकडे एक हिशेब आहे तो मला आवडला. जे रान इसवी सन १६०० पासून सलग रान म्हणून आहे त्याला ते प्राचीन रान म्हणतात. १६०० म्हणजे तिसवाडीत पोर्तुगीज येऊन नव्वद वर्षं झाली होती, तेव्हापासूनचं. झाडं तीच असली पाहिजेत असं नाही, वेस्ट वूड्समधली बरीच बीचची झाडं गेल्या शतकात पुन्हा लावलेली आहेत, पण खालची माती जुनी आणि ब्लूबेल त्या मातीची साक्ष देते. असं जुनं रान आता सगळ्या ब्रिटनमध्ये जमिनीच्या अडीच टक्के राहिलंय. सगळं मिळून बघितलं तरी इंग्लंडात रान शंभरात दहा, आणि आमच्याकडे सरकारी आकडा साठच्या आसपास. मुलाला म्हटलं, बघ, श्रीमंत कोण?

आणखी एक, ह्याच रानाच्या परिसरातून स्टोनहेंजचे, म्हणजे तिथल्या त्या प्राचीन दगडी वर्तुळाचे, मोठे दगड गेले, हे २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी दगडाची तपासणी करून शोधून काढलं. पंचवीस किलोमीटर, वीस-वीस टनांचे दगड, साडेचार हजार वर्षांपूर्वी, ना ट्रक ना क्रेन. मी दगडावर हात ठेवून बघितला, दगडच होता.

रान म्हणून मात्र खरं सांगायचं तर ते फारच सालस रान. जळवा नाहीत, नाग नाही, गवा नाही, बिबटा नाही. रानकिडे किरकिरत नाहीत त्यामुळे कानाला चुकल्यासारखं होतं. लांडगे कधीच संपवले, आता हरणांना खाणारं कुणी नाही म्हणून हरणं वाढलीत आणि कोवळी रोपं खाऊन टाकतात, ही तिथली डोकेदुखी. आमचं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, ह्याच्यापेक्षा जास्त रानटी आहे. काळजी करायची ती फक्त गोचिडीची, तिच्यापासून एक आजार होतो म्हणून घरी आल्यावर सुनेने सगळ्यांचे पाय तपासले. आणि एक खाजकुयलीची चुलत बहीण असते, नेटल, तिला मी हात लावला, कारण मला हात लावल्याशिवाय काही कळत नाही. बोंब मारली तेव्हा मागून येणारा एक म्हातारा थांबला, काही न बोलता बाजूचं एक रुंद पान खुडून माझ्या हातावर चोळलं आणि कुत्रा घेऊन पुढे गेला. उतार पडला की नाही नक्की सांगता येणार नाही पण बरं वाटलं. त्या वाटेवर जो भेटेल तो मॉर्निंग म्हणतो, तोच माणूस स्विंडनच्या बसस्टॉपवर तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही.

ओढ्याकाठी एका ठिकाणी लसणीची फोडणी दिल्यासारखा वास आला. मंडळी म्हणाली, पळय, लसूण! रानलसूणच ती, पांढरी फुलं, लांब पानं. ओंजळभर पानं घेतली, सुनेने आधी फोनवर बघून सांगितलं की घरी खाण्यापुरती पानं घेतली तर चालतं, मुळासकट उपटायचं नाही. रात्री चटणी केली. खोबरं फ्रीजरमधलं होतं तरी चांगली झाली.

आता मुद्द्यावर येतो. त्या दिवशी रानात जाताना आम्ही थेट रानातून नाही गेलो, मुलाने थोडी आधीच गाडी लावली आणि एका शेतातून नेलं. पिवळं मोहरीसारखं पीक माझ्या छातीपर्यंत, आणि त्याच्या मधोमध माणूस जाईल एवढी वाट सोडलेली. मी थबकलो. म्हटलं अरे दुसऱ्याच्या शेतातून कसा जातोस, भाटकार येऊन बडवेल. मुलाने खांब दाखवला, लाकडी, त्यावर पिवळा बाण. बाण म्हणजे ही सार्वजनिक पायवाट. शेत त्याचं, पीक त्याचं, पण वाट सगळ्यांची. नांगरली तरी पुन्हा करून द्यायची, कमीत कमी एक मीटर, हा कायदा. तो ती बंद करू शकत नाही, विकत घेणाराही बंद करू शकत नाही, कारण जमिनीबरोबर वाट विकली जात नाही. कुंपण आडवं आलं तर त्यावर चढायला पायरी किंवा एकावेळी एकच माणूस जाईल असं झुलतं फाटक, जेणेकरून गाय बाहेर जाऊ नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटा मिळून सव्वादोन लाख किलोमीटर आहेत. मी आयुष्यभर किलोमीटर मोजून पगार घेतलेला माणूस, मला हा आकडा ऐकून घाम आला.

हे त्यांना कुणी ताटात वाढून दिलं नाही. १९३२ मध्ये किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर जमीनदार लोकांना चढू देत नसत, तर मँचेस्टरकडच्या गिरणीतल्या-कारखान्यातल्या पोरांनी मुद्दाम घोळक्याने घुसून दाखवलं, पाच जणांना तुरुंगात टाकलं. मग १९४९ मध्ये कायदा झाला की प्रत्येक काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, आपल्या हद्दीतल्या वाटा नकाशावर घालायच्या. आणि ह्या वाटा शोधायला बऱ्याच ठिकाणी पॅरिश कौन्सिलची, म्हणजे आपल्या पंचायतीसारखीच, माणसं पायी फिरली. एकदा त्या नकाशावर रेघ आली की कोर्टात तो पक्का पुरावा, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या साक्षी लागत नाहीत. दुसरा कायदा १९८० चा, वीस वर्षं लोक कुणाची परवानगी न मागता आणि न अडता एखाद्या वाटेने गेले तर ती सार्वजनिक मानायची, मालकाने उलट काही दाखवलं नाही तर.

ह्याची गंमत मला सॅव्हरनेकला कळली. हे मार्लबरोच्या दुसऱ्या बाजूचं मोठं रान, तिथे मी एकटा बसने गेलो, मुद्दाम. (बसला कंडक्टरच नाही! ड्रायव्हरच तिकीट देतो, आणि सरकारने ठरवलंय म्हणून तीन पौंडांच्या वर तिकीट नाही. मी त्याला सांगितलं मी पण बसवाला, तो हसला, मला खाली उतरेपर्यंत हात करत होता.) सॅव्हरनेक सरकारी नाही, खाजगी मालकीचं जुनं रान आहे, वनखातं भाड्याने घेऊन चालवतं. तिथे रस्त्याला लागूनच एक ओक आहे, बिग बेली ओक, म्हणजे ढेरपोट्या, हजार वर्षांच्या वरचा सांगतात, पोटाला लोखंडी पट्टा बांधलाय. तर ह्या रानातले रस्ते मालक वर्षातून एक दिवस बंद ठेवतात. लोकांना त्रास द्यायला नाही, तर वीस वर्षांचा सलग हिशेब तुटावा आणि रस्त्यावर कुणाचा हक्क लागू नये म्हणून. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस खुशाल फिरा. मालकाने हक्क राखला आणि लोकांनाही अडवलं नाही. माझ्या डोक्यात तेव्हापासून हे घोळतंय.

कारण घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी मी बहिणीकडे गेलो. गाव आमच्या शेजारचाच, नाव नको. तिच्या घरामागून झरीवर जायची वाट, लहानपणी आम्ही तिथून कळश्या आणल्या, गोरवं तिथूनच डोंगरावर जायची, पावसात रोयणीची अळमी, म्हणजे वारुळावरची अळंबी, फुटायची जागाही त्याच वाटेवर आणि ती जागा कुणालाच सांगायची नाही हा घरचा नियम. तिथे आता निळं पत्र्याचं गेट. आत कोण, कुणालाच माहीत नाही, बाहेरचा आहे म्हणतात, कुलूप आणि कॅमेरा. लोक सगळा राग बाहेरच्यावर काढतात, पण विकणारा आमचाच, आणि विकताना वाटेचा व तरी उच्चारला का त्याने? बहीण आता पाऊण किलोमीटर फिरून जाते. म्हणजे जात नाही, टँकरची वाट बघते.

कायदा आपल्याकडे नाही असं नाही. १९६६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, परंपरागत वाट किंवा पाण्याचा प्रवाह कुणी अडवला तर दाद मागता येते. पण तिथे सिद्ध तुम्ही करायचं. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा काढा, मालक सापडतो, कूळ सापडतं, वाट क्वचितच सापडते. सर्व्हेच्या प्लॅनवर काही वाटा तुटक रेघेत आहेत, बऱ्याच नाहीत, कारण सर्व्हेवाले आले तेव्हा कुणाला वाटलं होतं की झरीची वाट कुणी बंद करेल? मग साक्षीला म्हातारी माणसं न्यायची, ती तारखेला जाऊन जाऊन दमतात, दोन मरतात, आणि गेटवाल्याला घाई कसलीच नसते.

आमच्या केरीत आजोबाची राय आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, देवाच्या नावाने राखलेलं रान, कोयता चालत नाही, वाळलेलं पानसुद्धा घरी आणत नाहीत. नातीला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणाली, आजोबा, ही सगळी तुमची? मी म्हटलं बाये, मी साधा आजोबा, हा देव आजोबा. तिला हे फार आवडलं, शाळेत सांगितलं म्हणे की आमच्याकडे रानाचा आजोबा आहे. नानोड्याला बांबरची निरंकाराची राय, तिथे रानजायफळाची झाडं पाण्यात उभी, मुळं गुडघ्यासारखी वर आलेली, इंग्लंडातल्या माणसाने बघितली तर ब्लूबेल विसरेल. १६०० चा हिशेब लावला तर आमच्या किती राया बसतील कुणी मोजलंय का? पण राय राखली आणि रायीकडे जाणारी वाट प्लॉटमध्ये गेली तर राय राखून कोण बघणार, तिचं काय चाललंय हे कळायलाच माणूस उरणार नाही. रोज जाणारा माणूस हाच रानाचा खरा गार्ड असतो.

ह्यावर घरातच वाद झाला तो पण सांगतो. धाकटा मुलगा म्हणाला, वाटा नकाशावर घातल्या की शनिवार-रविवार रील्स करणारे येतील, बाटल्या आणि थर्मोकोलच्या प्लेटा टाकतील, धबधब्यांचं झालं तेच रायीचं होईल. त्याचं चूक नाही. पावसाळ्यात धबधब्यांवर बंदी घालावी लागते ती उगाच नाही. आणि म्हादई अभयारण्याच्या २०८ चौरस किलोमीटरात सगळ्यांना मोकळं सोडा असं मी अजिबात म्हणत नाही, जानेवारी २०२० मध्ये तिथे चार वाघ विष घालून मारले गेले ते आम्ही विसरलो नाही. वाघाच्या रानात वाघाला राहू द्या. मी बोलतोय ते वाड्यावरच्या वाटांबद्दल, झरीची, शेताची, मसणाची, पालखीची. आणि इंग्लंडातसुद्धा मनात येईल तिथे भटकायचा हक्क जेमतेम आठ टक्के जमिनीवर आहे, बाकी ठिकाणी वाटेवरूनच चालायचं, वाट सोडायची नाही. वाट लिहिलेली असली की माणूस वाटेवर राहतो असा माझा अंदाज, धाकट्याला तो पटलेला नाही.

तर माझी मागणी. गोव्यात १९१ पंचायती आहेत आणि प्रत्येकीत जैवविविधता समिती असायला पाहिजे, लोक जैवविविधता नोंदवही करणं हे तिचं काम. त्या नोंदवहीत झाडं, पाखरं, औषधी लिहितात, चांगलंच आहे, तिथेच गावातल्या वाटांची पानं जोडा. वाट कुठून कुठे, कोण वापरतं, कधीपासून, कुठल्या सर्व्हे नंबरातून जाते. ग्रामसभेत ठराव घ्या आणि प्रत मामलेदाराकडे आणि टाऊन प्लॅनिंगवाल्यांकडे. त्याने लगेच कायद्याचा हक्क तयार होईल असं मी म्हणत नाही, वकील हसतील, पण उद्या कुणी कोर्टात गेला तर हातात कागद तरी असेल, आणि जमीन बदलायची परवानगी देणारा साहेब मला माहीत नव्हतं असं म्हणू शकणार नाही. पुढे सरकारने कायदा करायचा तर तोही करावा, आमदार ऐकत असतील तर बरं. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. वाटा माहीत असलेली माणसं सत्तरी-पंचाहत्तरीची आहेत, ज्यांनी गोरवं राखली ती. आजची पोरं स्कूटरवरून जातात, त्यांना डांबर तेवढं माहीत.

मी सुरुवात केलीय. जुन्या तिकिटांच्या वेबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आमच्या वाड्याचा नकाशा काढलाय, आतापर्यंत अकरा वाटा झाल्या, शेजारच्या काकांनी दोन दुरुस्त केल्या आणि एकीवरून आमचं भांडण चालू आहे, ते म्हणतात आंब्याच्या वरून जायची, मी म्हणतो खालून. येत्या रविवारच्या ग्रामसभेत अर्ज देणार. एक अडलंय. ओहळ ओलांडून जुन्या कुळागराच्या पाठीमागून वर चढणारी जी वाट आहे तिला आमची आजी एका बाईच्या नावाने हाक मारायची, ते नाव मला काही केल्या आठवत नाही आणि वाड्यावर विचारण्यासारखं कुणी राहिलं नाही. केरी, मोर्ले, पर्ये बाजूच्या कुणा जुन्या वाचकाला माहीत असेल तर आपल्याच पेपरात दोन ओळी लिहा, मी रोज वाचतो.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर
केरी, सत्तरी